रेडिओ फोरचा एक दिवस नीट कसा ऐकायचा, आणि दिवसभर नुसतं बोलणं असूनही कंटाळा का येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे की मराठीत मुलाखतींचा पॉडकास्ट करताय, विषय दर वेळी वेगळा घेताय, पाहुणेही चांगले मिळतायत, तरी पहिल्या दहा मिनिटांनंतर लोक गळतात. जो तो सांगतो बीबीसी रेडिओ फोर ऐक. पण तिथे तर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत गाणी नाहीतच, सगळं बोलणंच, मग लोक दिवसभर ऐकतात कसे, त्यातलं नेमकं काय ऐकायचं आणि सुरुवात कुठून करायची?

मी आयुष्यभर बोलका रेडिओ केलाय, नभोनाट्यं, रूपकं, मुलाखती, सगळं, आणि रेडिओ फोर मी कामाचा भाग म्हणून ऐकत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुद्द्याचं. विषयांची विविधता हे अर्धंच उत्तर आहे. रेडिओ फोरवर दर अर्ध्या-पाऊण तासाला विषय तर बदलतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्याशी बोलायची रीत बदलते. सकाळी तुमच्या वतीने कुणाला तरी जाब विचारला जातो, नऊ वाजता तुम्हाला शिकवलं जातं, दुपारी दुसऱ्याच्या घरातलं बोलणं तुमच्या कानावर पडतं, संध्याकाळी चार लोक खेळ खेळतात आणि तुम्ही बघ्यांमध्ये असता, रात्री कुणीतरी तुम्हाला गोष्ट वाचून दाखवतं, आणि अगदी शेवटी असं काही वाचलं जातं जे तुमच्यासाठी नाहीच. आपल्याकडच्या पॉडकास्टमध्ये आज शेअर बाजार, उद्या आयुर्वेद, परवा गडकिल्ले, पण रीत तीच, दोन माणसं समोरासमोर बसून गप्पा मारतायत आणि ऐकणारा तिसरा, कायम तिसराच. त्याला कंटाळा येतो तो विषयाचा नाही, तिसरं असण्याचा.

आता दिवस घेऊ. गुरुवार निवडा, कारण सांगतो पुढे. भारतातून बीबीसीच्या साइटवर किंवा ॲपवर रेडिओ फोर लाइव्ह लागतो. आपण त्यांच्या हिवाळ्यात साडेपाच तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेचार, म्हणजे त्यांचे सकाळचे ६ हे आपले साडेअकरा किंवा साडेदहा. पुढे सगळ्या वेळा ब्रिटनच्या लिहितोय.

हा चॅनल या नावाने ३० सप्टेंबर १९६७ ला सुरू झाला, त्याआधी तो बीबीसी होम सर्व्हिस होता. त्या होम सर्व्हिसशी आपलंही नातं आहे, फार कमी लोकांना माहितीय. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसीत होत्या, लेखक जॉर्ज ऑरवेल यांच्याबरोबर ईस्टर्न सर्व्हिसमध्ये, म्हणजे भारताकडे प्रसारण करणाऱ्या विभागात, काम केलं, होम सर्व्हिसवर इंग्रजी बातम्या वाचल्या, आणि रेशनिंगच्या दिवसांत द किचन फ्रंट नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम असायचा त्यात शाकाहारी जेवणाबद्दल बोलल्या. बॉम्ब पडत असताना एक मराठी बाई इंग्लंडच्या स्वयंपाकघरांना मांसाशिवाय कसं भागवायचं ते सांगतेय. रेडिओत काम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे नाव तोंडपाठ पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ६ ते ९ टुडे. १९५७ पासून चालू आहे, बातम्या आणि मुलाखती. ८ वाजून १० मिनिटांची मुलाखत ही दिवसातली सगळ्यात मोठी राजकीय मुलाखत मानली जाते, मंत्री वगैरे तिथेच येतात. तुम्ही इथे मुलाखतकाराचे प्रश्न मोजा, किती लांब आहेत ते बघा. चांगला प्रश्न एका श्वासात संपतो. आपल्याकडे प्रश्न विचारायच्या आधी पाहुण्याचं कौतुक, मग स्वतःचा अनुभव, मग दोन प्रश्न एकत्र, आणि पाहुणा त्यातल्या सोप्याचं उत्तर देतो. मात्र टुडेमधलं मध्येमध्ये तोडणं उचलू नका. ते सत्तेतल्या माणसाला चालतं, तुमच्याकडे आलेल्या शिक्षकाला किंवा नर्सला नाही चालत, आणि माझ्या मते तिथेही हल्ली ते जास्तच होतं.

याच कार्यक्रमाच्या मध्यात, पावणेआठच्या आसपास, थॉट फॉर द डे नावाचा तीनेक मिनिटांचा तुकडा येतो, १९७० पासून. कुठल्या तरी धर्माचा माणूस त्या दिवसाच्या बातमीला धरून एकटा बोलतो. लॉर्ड इंद्रजित सिंग यांनी शीख विचार कित्येक वर्षं तिथे मांडला, अखंडाधी दास वैष्णव परंपरेतून बोलतात. तुम्हाला धर्मात रस असो नसो, पण त्याची जागा बघा. आधी भांडण, नंतर भांडण, मध्ये एक माणूस शांतपणे लिहून आणलेलं वाचतोय. तो तुकडा तिथून काढला तर तीन तास सलग ऐकवणार नाहीत.

तासाच्या ठोक्याला सहा पिप, म्हणजे वेळ सांगणारे बारीक बीप, ऐकू येतात. ५ फेब्रुवारी १९२४ पासून आहेत. पाच छोटे आणि सहावा लांब, आणि तास सुरू होतो तो लांब पिपच्या सुरुवातीला, शेवटाला नाही. त्याआधी निवेदकाला वाक्य संपवावंच लागतं, पिपवर बोलणं तिथे फार वाईट समजतात. लाइव्ह ऐकताना शेवटची वीस सेकंद लक्ष देऊन ऐका, घड्याळाकडे डोळा ठेवून माणूस वाक्य कसं लहान करतो, हवामानाचं एक वाक्य कसं गाळतो, आणि तरी घाई ऐकू येत नाही. आकाशवाणीत ज्यांनी ड्युटी केलीय त्यांना हे लगेच कळेल. पॉडकास्टवाल्यांना घड्याळच नाही, म्हणून एपिसोड दीड तासाचा होतो. तुम्ही स्वतःला २८ मिनिटांचं घड्याळ लावून घ्या, रेडिओ फोरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम बातम्या, उद्घोषणा सोडून साधारण तेवढाच असतो.

आता गुरुवार का, तर ९ वाजता इन अवर टाइम. १५ ऑक्टोबर १९९८ ला मेल्विन ब्रॅग यांनी सुरू केला आणि २०२५ पर्यंत त्यांनीच केला, हजारावर एपिसोड, आता पत्रकार मिशा ग्लेनी करतात. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. संगीत नाही, आवाजांचे इफेक्ट नाहीत, हशा नाही, काही नाही. विषय कुठलाही, प्लँक्टनपासून सम्राट अशोकापर्यंत. आणि तरी तो रेडिओ फोरचा सगळ्यात जास्त डाउनलोड होणाऱ्यांपैकी एक आहे.

इथे जरा थांबतो कारण तुमच्या पॉडकास्टला सगळ्यात जवळचा हाच आहे. याची जुनी सगळी भागं साइटवर आहेत, भगवद्गीतेवरचा २०११चा एपिसोड काढा, विषय आपल्या घरातला असल्यामुळे तुम्ही माहितीत अडकणार नाही, बांधणीकडे बघू शकाल. पहिली पाच मिनिटं कागदावर उतरवून काढा, अगदी शब्दशः, मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे करायला लावतो. मग दिसेल की पहिल्याच वाक्यात विषय येतो, चॅनल सबस्क्राइब करा नाही, आज आपल्यासोबत कोण आहेत याची लांबण नाही. पाहुण्यांची ओळख म्हणजे नाव आणि विद्यापीठ, झालं. पहिला प्रश्न पार्श्वभूमीचा असतो आणि तो एकाच माणसाला, नावानिशी. दुसऱ्याकडे जाताना परत नाव. चेहरा दिसत नाही ना, त्यामुळे ब्रॅग प्रत्येक वळणावर नाव घेतात, आणि तिसऱ्यांदा नाव आलं की तुमच्या डोक्यात आवाज आणि माणूस जुळतात. आपल्याकडे पाहुण्याचं नाव एकदा सुरुवातीला घेतात आणि मग तासभर सर किंवा मॅडम. मधूनच कुणी ऐकायला आलं तर त्याला शेवटपर्यंत कळत नाही कोण बोलतंय.

दुसरं, ब्रॅग ऐकणाऱ्याच्या बाजूला बसतात. प्राध्यापक जड शब्द वापरला की लगेच, म्हणजे नेमकं काय, असं विचारतात, आणि त्यांना स्वतःला माहीत असतं तरी विचारतात. म्हणजे इथे ऐकणारा तिसरा राहत नाही, त्याचा माणूस आत टेबलावर बसलेला असतो. तिसरं, कार्यक्रम संपल्यावर पॉडकास्टमध्ये काही मिनिटं जास्तीची असतात, त्यात पाहुण्यांना विचारतात की काय सांगायचं राहिलं, आणि बऱ्याचदा सगळ्यात मोकळं बोलणं तिथेच होतं. हे तुम्ही उद्यापासून करू शकता, मुलाखत संपली असं सांगा, मशीन चालू आहे हेही सांगा, आणि हा एकच प्रश्न विचारा.

१० वाजता वुमन्स आवर. ७ ऑक्टोबर १९४६ पासून. गंमत म्हणजे सुरुवातीचा निवेदक पुरुष होता, ॲलन आयव्हिमी. नंतर जेनी मरी यांनी १९८७ ते २०२० असा काळ गाजवला. एकाच तासात मेनोपॉज, संसदेतलं विधेयक, एखादी कादंबरीकार आणि शाळेचे डबे, आणि यातल्या कुठल्याही विषयाला निवेदकाचा आवाज खाली येतो असं होत नाही, सगळ्याला तेवढंच वजन. आमच्या आकाशवाणीच्या वनिता मंडळाची आठवण येणारच, आणि ते नातं खरं आहे, कारण १९३५ साली लायोनेल फील्डेन बीबीसीतूनच इथे रेडिओ उभा करायला आले होते आणि १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं. बायकांचा तास, शेतकऱ्यांचा तास, कामगारांचा तास ही वाटणी तिथलीच पद्धत. फरक एवढाच की त्यांनी त्या तासाला काळाबरोबर वाढू दिलं, रोज लाइव्ह ठेवलं, आणि आपण आपल्या तासांवर नंतर माणसं आणि पैसा खर्च केला नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

दुपारी १ ला द वर्ल्ड ॲट वन, बातम्याच, सोडलंत तरी चालेल. पण २ ला द आर्चर्स सोडू नका, आदल्या संध्याकाळच्या भागाचं पुनःप्रसारण असतं.

द आर्चर्स ही मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू आहे, ॲम्ब्रिज नावाचं काल्पनिक खेडं, तिथली शेती करणारी माणसं. युद्धानंतर अन्नधान्याची टंचाई होती, शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती पोचवायची होती, आणि बर्मिंगहॅममध्ये शेतकऱ्यांबरोबरच्या एका बैठकीत कुणीतरी म्हणालं की त्या वेळच्या डिक बार्टन या थरारक मालिकेसारखं काहीतरी शेतीवर करा. गॉडफ्री बेझली यांनी ते मनावर घेतलं. म्हणजे मूळ हेतू शेतकी खात्याचा आणि रूप घरगुती मालिकेचं. आजही मालिकेला शेतीविषयक सल्लागार असतो, पेरणी, लँबिंग म्हणजे मेंढ्यांची वीण, कापणी खऱ्या हंगामाप्रमाणे येतात. २०१६ ला हेलन आणि रॉब या जोडप्याचं कथानक गाजलं, नवरा बायकोला हळूहळू कसं कोंडतो ते, आणि ते दोन-अडीच वर्षं इतक्या धिमेपणाने उलगडलं की ऐकणाऱ्यांनाही आधी तो चांगलाच वाटत होता. इंग्लंड-वेल्समध्ये अशा वागण्याला गुन्हा ठरवणारा कायदा २०१५ च्या शेवटी लागू झाला होता, त्यामुळे चर्चा घराघरात पोचली. भाषणाने हे होत नाही.

आता कानाने काय पकडायचं. भाग १३ मिनिटांचा. डोळे मिटून ऐका आणि प्रत्येक प्रसंगात माणसं कुठे उभी आहेत ते सांगा. स्वयंपाकघरात असतील तर आवाज जवळचा, कोरडा. अंगणात असतील तर मागे पक्षी, आणि पात्र दारातून येताना माइकपासून लांबून बोलत जवळ येतं. फाटकाचा आवाज बरीच वर्षं इस्त्रीच्या जुन्या लोखंडी टेबलाने काढत आलेत, आणि मेंढीचं कोकरू जन्मतं तो आवाज ओल्या टॉवेलने आणि दह्याने. नभोनाट्य करताना आम्हीही असंच काहीबाही जमवायचो, नारळाच्या करवंट्या, जुनी छत्री. पण आवाज काढणं सोपं असतं, कधी काढायचा नाही हे अवघड, आणि आर्चर्समध्ये एका प्रसंगात दोन-तीनच आवाज असतात, बाकी तुम्ही स्वतः भरता. मोबाईलवर रेकॉर्ड करणाऱ्याला इतकंच सांगेन की पाहुण्याला त्याच्या कामाच्या जागी बोलायला लावा. सुतार असेल तर त्याच्या वर्कशॉपमध्ये रेकॉर्ड करा, रंधा चालवत असताना दोन प्रश्न विचारा. त्याच गुरुवारी दुपारी ३ ला कधी रॅम्ब्लिंग्ज लागतो, क्लेअर बाल्डिंग कुणाबरोबर तरी डोंगरावर चालत चालत बोलतात, धाप लागते, चिखलात पाय रुततो, आणि माणूस स्टुडिओत जे सांगणार नाही ते चालताना सांगून जातो.

सव्वादोनला नाटक असतं, पाऊण तासाचं, चांगलं वाईट दोन्ही निघतं. ५ ला पीएम हा बातम्यांचा कार्यक्रम. ६ ला लंडनच्या बिग बेन घड्याळाचे ठोके, टॉवरमधल्या माइकवरून लाइव्ह, २०१७ पासून दुरुस्तीमुळे काही वर्षं मात्र हे लाइव्ह ठोके बंद होते. मग अर्ध्या तासाच्या बातम्या. बातम्यांसाठी त्यांचा जुना हिशोब सेकंदाला तीन शब्द. हा हिशोब मराठीला जसाच्या तसा लावू नका, आपले शब्द विभक्ती घेऊन लांब होतात, माझ्या अनुभवात सेकंदाला दोन, फार तर सव्वादोन शब्द धरले की ऐकणारा दमत नाही.

साडेसहाची वेळ विनोदाची. तिथले राजकीय विनोद आपल्याला कळत नाहीत, सोडून द्या, पण जस्ट अ मिनिट हा खेळ ऐका. तो गुरुवारीच लागेल असं नाही, साइटवर शोधा. १९६७ पासून चालू आहे, निकोलस पार्सन्स यांनी २०२० ला जाईपर्यंत चालवला, आता सू पर्किन्स. नियम असा की दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं, अडखळायचं नाही, शब्द परत वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. समोरच्याने पकडलं की उरलेला वेळ त्याचा. मित्रांना बसवून मराठीत खेळा, विषय द्या पोहे किंवा एसटी. तुम्हाला स्वतःचे म्हणजे, ॲक्च्युअली, की नाही, असं आहे ना हे सगळे ऐकू यायला लागतील. मुलाखत घेणाऱ्यासाठी याच्याइतका फुकटचा आणि चांगला सराव मला माहीत नाही.

७ ला आर्चर्सचा नवा भाग. १० ला द वर्ल्ड टुनाइट, माझा आवडता बातम्यांचा कार्यक्रम, सकाळची झटापट नाही. पावणेअकराला बुक ॲट बेडटाइम, १९४९ पासून, एक आवाज आणि एक पुस्तक, पंधरा मिनिटांहून कमी. वाचणारा नट असतो पण तो नाटक करत नाही हे लक्षात घ्या. पात्रांचे आवाज थोडेसेच बदलतो. आपल्याकडे अभिवाचनाचं वेड आहे आणि चांगलं आहे, पण बरेच जण रंगमंचाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं वाचतात. ऐकणाऱ्याच्या कानात इअरफोन आहे.

शेवटचं म्हणजे रात्री १२.४८ चा शिपिंग फोरकास्ट. हिवाळ्यात आपले सकाळचे सहा अठरा, उन्हाळ्यात पाच अठरा, म्हणजे लवकर उठणाऱ्यांना सोयीचं. आधी रोनाल्ड बिंज यांची सेलिंग बाय ही संथ धून, मग ब्रिटनभोवतीच्या ३१ सागरी भागांचा हवामान अंदाज. व्हायकिंग, फोर्टीज, डॉगर, जर्मन बाइट, फास्टनेट, रॉकॉल, क्रम कधी बदलत नाही, घड्याळाच्या दिशेने बेटाला फेरी. प्रत्येक भागासाठी आधी वाऱ्याची दिशा आणि बोफर्टचा आकडा, म्हणजे वाऱ्याचा जोर, मग पाऊस वगैरे, मग दृश्यता. एवढंच. समजा डॉगर, नैऋत्य ५ ते ७, नंतर पाऊस, दृश्यता चांगली, अधूनमधून कमी. यातला एकही शब्द मोघम नाही. वादळाच्या इशाऱ्यात इमिनंट म्हटलं तर सहा तासांच्या आत, सून म्हटलं तर सहा ते बारा, लेटर म्हटलं तर बारानंतर. दृश्यता गुड म्हणजे पाच सागरी मैलांहून जास्त, पुअर म्हणजे दोन मैलांहून कमी. हवामान खातं लिहून देतं आणि शब्दांची मर्यादा साधारण ३५०, रात्रीच्या वाचनात ट्रफॅल्गर हा एक भाग जास्तीचा म्हणून थोडे वाढवून ३८०. एका भागाचं नाव फिट्झरॉय आहे, २००२ पर्यंत त्याला फिनिस्टेअर म्हणायचे, नवं नाव त्या रॉबर्ट फिट्झरॉय यांचं ज्यांनी १८५४ ला हवामान खातं सुरू केलं.

आता हे लाखो लोक ऐकतात ज्यांच्याकडे होडी नाही. लोक म्हणतात कवितेसारखं वाटतं, असेल, पण मला कारीगर म्हणून वेगळं दिसतं. दिवसभर प्रत्येक आवाजाला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, लक्ष, मत, हसू. हा आवाज समुद्रावरच्या माणसाशी बोलतोय, त्याला तुमच्याकडून काही नको, म्हणून तुम्ही निवांत ऐकता. वाचणारा निवेदक एकाही शब्दाला सजवत नाही, कारण कुणाचा तरी जीव त्या आकड्यावर आहे. दहा ओळी मराठीत स्वतः लिहून, गावांची नावं घालून, भावना न घालता, वेग न वाढवता मोठ्याने वाचून बघा. फार कमी लोकांना जमतं. त्यानंतर राष्ट्रगीत आणि १ वाजता वर्ल्ड सर्व्हिस.

तुम्ही विचारलं होतं सुरुवात कुठून करू. एका दिवसात हे सगळं बसून ऐकायला जाऊ नका, कान मरतो. पहिल्या आठवड्यात फक्त गीतेचा एपिसोड उतरवून काढा आणि शेजारी तुमच्या एका एपिसोडची पहिली पाच मिनिटं तशीच उतरवा, दोन्ही कागद लाल पेनने तपासा, विषय कितव्या ओळीला आला, नाव किती वेळा आलं, प्रश्न किती ओळींचा. दुसऱ्या आठवड्यात आर्चर्सचे चार-पाच भाग. लाइव्ह अख्खा गुरुवार त्यानंतर, आणि तोही काम करता करता, भाजी चिरताना, गाडी चालवताना, जसं तिथले लोक ऐकतात तसं. ज्या क्षणी हातातलं काम थांबलं ती वेळ लिहून ठेवा, आणि नंतर जाऊन बघा तिथे बोलण्याची रीत बदलली होती का. लाल पेनने तपासलेले ते दोन कागद पाठवलेत तर मी वाचून नक्की सांगेन.